बेटांचा हवाई मार्ग : स्कॉटलंडच्या द्वीपप्रदेशातील विमानवाहतुकीचा इतिहास आणि लोकसेवेचा प्रश्न

प्रस्तावना

विमानवाहतुकीचा इतिहास बहुधा मोठ्या शहरांच्या, विक्रमी उड्डाणांच्या आणि युद्धांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्यामुळे विमान हे वेगाचे, वैभवाचे आणि लष्करी सामर्थ्याचे प्रतीक आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत झालेली दिसते. तथापि जगात असेही काही प्रदेश आहेत, जेथे विमान हे एस. टी. गाडीसारखे, टपालवाल्यासारखे किंवा रुग्णवाहिकेसारखे दैनंदिन जीवनाचा भाग बनले आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस व पश्चिमेस पसरलेला द्वीपप्रदेश हा त्यांपैकी एक होय. तेथील विमानसेवेला आता नव्वदहून अधिक वर्षांची परंपरा आहे. या परंपरेचा आढावा घेणे आणि 'विरळ लोकवस्तीच्या दुर्गम प्रदेशातील विमानसेवेचा खर्च कोणी सोसावा?' या प्रश्नाचे त्या इतिहासातून कोणते उत्तर मिळते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

या प्रदेशाचे ढोबळमानाने तीन विभाग पडतात. उत्तरेस ऑर्कनी व शेटलंड हे दोन द्वीपसमूह आहेत, तर पश्चिमेस हेब्रिडीज बेटांची लांबलचक रांग आहे. ऑर्कनीत सुमारे सत्तर बेटे असून त्यांपैकी वीसच्या आसपास बेटांवर मनुष्यवस्ती आहे. ऑर्कनी आणि स्कॉटलंडची मुख्य भूमी यांच्यामध्ये पेंटलंडची सामुद्रधुनी आहे. अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांचे पाणी येथे एकमेकांत मिसळत असल्याने भरती-ओहोटीचे प्रवाह अतिशय वेगवान असतात. हिवाळ्यातील वादळे, दाट धुके आणि अल्पकाळ टिकणारा सूर्यप्रकाश यांची त्यात भर पडते.

विमानसेवा सुरू होण्यापूर्वी इन्व्हर्नेसहून ऑर्कनीला जायचे तर प्रथम रेल्वेने थर्सोपर्यंत आणि तेथून बोटीने सामुद्रधुनी ओलांडून जावे लागे. एवढ्यात दिवस मोडत असे. आणि समुद्र खवळलेला असेल तर टपाल, वर्तमानपत्रे व प्रवासी किनाऱ्यावरच अडकून पडत. लहान बेटांची अवस्था तर याहूनही बिकट होती. तेथे डॉक्टर नसे आणि शस्त्रक्रियेची गरज असलेल्या रुग्णाला उघड्या बोटीतून न्यावे लागे. अंतर थोडे, परंतु मधला अडथळा मोठा, अशी ही परिस्थिती होती. विमानाची उपयुक्तता अशाच ठिकाणी सर्वाधिक असते.

आरंभीचे प्रयोग

या प्रदेशाचा विमानविद्येशी पहिला संबंध आला तो युद्धाच्या निमित्ताने. ऑर्कनीतील स्कापा फ्लो हे नैसर्गिक बंदर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ठाणे होते. २ ऑगस्ट १९१७ रोजी एडविन डनिंग या वैमानिकाने येथे 'फ्युरियस' या चालत्या युद्धनौकेवर आपले सॉपविथ पप विमान उतरवले. चालत्या जहाजावर विमान उतरण्याची जगातील ही पहिलीच घटना होय. पाचच दिवसांनी तसाच प्रयत्न पुन्हा करताना डनिंग यांचा मृत्यू झाला. विमानवाहू नौकांच्या इतिहासाचा प्रारंभ असा या बेटांच्या परिसरात झाला. मात्र त्याचा बेटवासीयांच्या जीवनाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता.

तो संबंध जोडण्याचे श्रेय कॅप्टन एडमंड फ्रेसन (१८९१-१९६३) यांच्याकडे जाते. पहिल्या महायुद्धात वैमानिक असलेले फ्रेसन युद्धानंतर गावोगावी विमान नेऊन लोकांना हौसेची फेरी घडवून आणण्याचा व्यवसाय करीत होते. १९३१ मध्ये ते याच निमित्ताने ऑर्कनीत आले. हौसेपोटी विमानात बसणाऱ्या या लोकांना प्रत्यक्षात विमानाची गरज आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी १९३३ मध्ये 'हायलँड एअरवेज' ही कंपनी स्थापन केली आणि ८ मे १९३३ रोजी इन्व्हर्नेस-विक-कर्कवॉल ही नियमित विमानसेवा सुरू केली. सेवेसाठी दोन इंजिनांचे छोटेसे मोनोस्पार विमान वापरण्यात आले. एडिंबरोच्या 'द स्कॉट्समन' या वर्तमानपत्राने आपले अंक ऑर्कनीला पोहोचवण्याचे काम या कंपनीस दिल्याने तिला आर्थिक आधार मिळाला.

विमानतळ म्हणावे असे त्या काळी ऑर्कनीत काहीही नव्हते. शेतकऱ्यांशी बोलणी करून, त्यांची कुरणे भाड्याने घेऊन, दगड व कुंपणे काढून फ्रेसन यांनी उतरण्याच्या जागा तयार केल्या. १९३४ पासून ऑर्कनीच्या अंतर्गत बेटांनाही विमानाने जोडण्यास प्रारंभ झाला.

टपाल : विश्वासार्हतेची कसोटी

कोणत्याही नव्या वाहतूकसाधनाला स्थैर्य लाभते ते टपालामुळे. भारताचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाच्या थैल्या आणल्या आणि भारतीय विमानवाहतुकीचा पाया घातला गेला. स्कॉटलंडच्या बेटांवरही त्यानंतर अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांत हेच घडले. विमान वेळेवर येते व जाते याची खात्री पटल्यावर ब्रिटिश टपाल खात्याने फ्रेसन यांच्याशी करार केला आणि २९ मे १९३४ रोजी इन्व्हर्नेस-कर्कवॉल हवाई टपाल सुरू झाले.

या सेवेचे वैशिष्ट्य तिच्या दरात होते. हवाई टपालासाठी जादा शुल्क घेण्याची प्रथा सर्वत्र रूढ असताना येथे मात्र सामान्य पत्राच्याच दरात पत्र विमानाने जाऊ लागले. ब्रिटनमधील अशी ही पहिलीच नियमित अंतर्गत सेवा होती. लंडनमधील नागरिकाला ज्या दरात पत्र मिळते त्याच दरात ते ऑर्कनीच्या नागरिकालाही मिळावे आणि ते बेटावर पोहोचवण्याचा जादा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी मारू नये, हे तत्त्व या निर्णयात गृहीत धरलेले होते. पुढील काळात प्रवासी व रुग्ण यांच्या बाबतीतही हेच तत्त्व वेळोवेळी पुढे आले. या दृष्टीने १९३४ चा हा करार महत्त्वाचा मानावा लागतो.

हवाई रुग्णवाहिका : प्राणरक्षणाची परंपरा

पश्चिमेकडील बेटांवर विमानसेवेचा आरंभ याच सुमारास झाला. जॉन सोर्ड या बस-व्यावसायिकाने स्थापन केलेल्या 'मिडलँड अँड स्कॉटिश एअर फेरीज' या कंपनीची विमाने ग्लासगोजवळील रेन्फ्रू येथून उडत. १४ मे १९३३ रोजी आयला बेटावरील एका मच्छीमाराच्या जठरास छिद्र पडल्याने त्याला तातडीने शस्त्रक्रियेची आवश्यकता होती. वैमानिक जिमी ऑरेल यांनी ड्रॅगन जातीच्या विमानातून त्याला मुख्य भूमीवर आणले आणि ग्लासगोच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. स्कॉटलंडच्या हवाई रुग्णवाहिका सेवेचा प्रारंभ या घटनेपासून मानला जातो. सोर्ड यांची कंपनी १९३४ मध्येच बंद पडली. परंतु तिने घालून दिलेला पायंडा बंद पडला नाही. तिच्यामागून आलेल्या कंपन्यांनी हे काम पुढे चालवले. कॅप्टन डेव्हिड बार्कले या एकाच वैमानिकाने आपल्या कारकिर्दीत बाराशेहून अधिक रुग्ण-उड्डाणे केली.

ही सेवा रुजण्यास अनुकूल अशी पार्श्वभूमी आधीपासून तयार होती. बेटांवरील वैद्यकीय सोयींची दुरवस्था १९१२ च्या ड्यूअर समितीच्या अहवालाने उघड केली होती आणि त्यानुसार १९१३ मध्ये शासकीय खर्चाने 'हायलँड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस' स्थापन झाली होती. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा अस्तित्वात आली ती १९४८ मध्ये. म्हणजेच आरोग्य ही शासनाची जबाबदारी आहे हा विचार या दुर्गम भागात तीन दशके आधीच प्रत्यक्षात उतरला होता. त्यामुळे रुग्णाला विमानाने नेणे ही श्रीमंतांची चैन आहे असे येथे कोणासही वाटले नाही.

या परंपरेची किंमतही मोजावी लागली आहे. २८ सप्टेंबर १९५७ च्या रात्री खराब हवामानात आयला बेटावर रुग्णास आणण्यासाठी गेलेले हेरॉन विमान उतरताना कोसळले. विमानावरील दोघे कर्मचारी आणि सोबतची परिचारिका जीन केनेडी यांचा त्यात मृत्यू झाला. या उड्डाणांवर जाणाऱ्या परिचारिका ग्लासगोच्या रुग्णालयातून स्वेच्छेने येत असत. सेवेतील विमानांना नामवंत वैद्यांची नावे देण्याची प्रथा होती. पुढे त्यांतील एका विमानास 'सिस्टर जीन केनेडी' हे नाव देण्यात आले. १५ मार्च २००५ रोजीही रुग्णास आणण्यास निघालेले आयलंडर विमान मॅकरिहॅनिशजवळ समुद्रात कोसळून वैमानिक व वैद्यकीय सहायक मृत्युमुखी पडले. बेटवासीयांच्या दृष्टीने विमानसेवेचा अर्थ काय आहे, हे समजून घ्यायचे तर प्रवाशांच्या आकड्यांइतकेच या नोंदींकडेही पाहिले पाहिजे.

महायुद्ध आणि धावपट्ट्यांचा वारसा

दुसऱ्या महायुद्धात हा प्रदेश पुन्हा एकदा लष्करी हालचालींचे केंद्र बनला. ऑर्कनीतील हॅटस्टन येथे नौदलाचा विमानतळ उभारण्यात आला. तेथून निघालेल्या स्कुआ विमानांनी १० एप्रिल १९४० रोजी नॉर्वेतील बर्गन बंदरात 'क्योनिग्सबर्ग' ही जर्मन युद्धनौका बुडवली. युद्धात एखादी मोठी नौका केवळ विमानहल्ल्याने बुडण्याची ही पहिली घटना मानली जाते. शेटलंडमधील सलम व्हो येथून समुद्रावर गस्त घालणाऱ्या उडत्या नौकांची ये-जा चाले.

या घडामोडींचा कायमस्वरूपी परिणाम म्हणजे पक्क्या धावपट्ट्या. कर्कवॉल, स्टॉर्नोवे, बेनबेक्युला, टायरी, समबरो येथील आजच्या नागरी विमानतळांची बांधणी वा वाढ युद्धकाळात झाली. जी गुंतवणूक शांततेच्या काळात एवढ्या विरळ वस्तीसाठी कोणत्याही सरकारने क्वचितच केली असती, ती युद्धाने करून घेतली. मेंढ्यांच्या कुरणावर सुरू झालेल्या सेवेला अशा रीतीने डांबरी धावपट्टी लाभली.

राष्ट्रीयीकरणाचे दोन परिणाम

१९३७ मध्ये फ्रेसन यांची कंपनी अन्य एका कंपनीशी एकत्र होऊन 'स्कॉटिश एअरवेज' स्थापन झाली होती. १ फेब्रुवारी १९४७ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण होऊन ती 'ब्रिटिश युरोपियन एअरवेज' या महामंडळात विलीन झाली. या बदलाचे मूल्यमापन एकेरी करता येत नाही. एका बाजूने पाहता, महामंडळाच्या पाठबळामुळे तोट्यातील मुख्य मार्ग चालू राहिले आणि हवाई रुग्णवाहिका अधिक सुसज्ज झाली. दुसऱ्या बाजूने, निर्णयाचे केंद्र बेटांपासून फार दूर गेले. युद्धकाळात खंडित झालेली ऑर्कनीतील अंतर्गत सेवा महामंडळाने पुन्हा सुरू केली नाही; आणि ज्यांनी हा मार्ग घडवला त्या फ्रेसन यांना १९४८ मध्ये नोकरीतून दूर करण्यात आले. शासकीय मालकी असली म्हणजे स्थानिक गरज आपोआप ओळखली जाते असे नाही, हा धडा या घटनांतून मिळतो.

लोगनएअर आणि आयलंडर विमान

ही उणीव भरून काढली ती लोगनएअर या कंपनीने. बांधकाम व्यावसायिक विली लोगन यांनी १९६२ मध्ये ती स्थापन केली. आपल्या दूरदूरच्या बांधकामांवर जलद पोहोचता यावे हा तिचा मूळ हेतू होता. १९६६ च्या जानेवारीत इन्व्हर्नेसजवळ अन्य कंपनीच्या भाड्याने घेतलेल्या विमानाला झालेल्या अपघातात लोगन यांचे निधन झाले. तथापि कंपनी टिकली आणि तिने १९६७ मध्ये ऑर्कनीतील आंतरबेट सेवा पुन्हा सुरू केली.

या पुनरुज्जीवनास एका विमानाची मोलाची साथ लाभली. आइल ऑफ वाइट बेटावरील जॉन ब्रिटन व डेस्मंड नॉर्मन या अभियंत्यांनी तयार केलेले 'आयलंडर' हे विमान १३ जून १९६५ रोजी प्रथम उडाले. पिस्टनची दोन इंजिने, सुमारे नऊ प्रवाशांची क्षमता, न मिटणारी साधी चाके आणि काही शे मीटरच्या गवताळ पट्टीवरूनही उडण्याची व उतरण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये होत. विमान जितके आधुनिक तितके ते जटिल, असा संकेत रूढ असताना, दुर्गम भागात दुरुस्तीस सोपे व चालवण्यास स्वस्त असे विमान अधिक उपयोगी पडते हे आयलंडरने सिद्ध केले. भारतीय नौदलानेही १९७० च्या दशकात किनाऱ्यावरील टेहळणीसाठी हीच विमाने स्वीकारली होती.

ऑर्कनीतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा जगातील सर्वांत कमी अंतराचा नियमित हवाई मार्ग होय. अंतर अवघे २.७ किलोमीटर, वेळापत्रकानुसार दोन मिनिटे. अनुकूल वारा असताना हे उड्डाण ५३ सेकंदांतही पूर्ण झाले आहे. पर्यटकांना या मार्गाचे अप्रूप वाटते. पापा वेस्ट्रेवरील लोकांच्या लेखी मात्र तो विक्रमाचा विषय नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या बेटाची लोकसंख्या ९० होती. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण आणि माध्यमिक शिक्षणासाठी कर्कवॉलला वसतिगृहात राहणारी मुले या विमानांतून ये-जा करतात. याच बेटावर 'नॅप ऑफ हॉवर' हे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे दगडी घर आहे. सहस्रकानुसहस्रके वस्ती असलेले हे बेट ओस पडू नये म्हणून ही सेवा आवश्यक ठरते.

बॅरा : भरती-ओहोटीचा विमानतळ

हेब्रिडीजमधील बॅरा बेटावरील विमानतळाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. ट्राय व्होर या विस्तीर्ण पुळणीवर १९३३ मध्ये प्रथम विमान उतरले आणि १९३६ मध्ये तिला विमानतळाचा अधिकृत दर्जा मिळाला. ओहोटीच्या वेळी घट्ट होणाऱ्या वाळूवर त्रिकोणाकृती आखलेल्या तीन धावपट्ट्या असून त्यांची टोके लाकडी खांबांनी दर्शविलेली आहेत. भरती आली की तिन्ही धावपट्ट्या पाण्याखाली जातात. साहजिकच विमानाचे वेळापत्रक चंद्राच्या गतीनुसार बदलते. नियमित प्रवासी विमाने भरती-ओहोटीच्या पुळणीवर उतरतात असा जगातील हा एकमेव विमानतळ समजला जातो. याच पुळणीवर बेटवासी शिंपले वेचतात. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा वर चढलेला दिसला की विमान येणार हे ओळखून त्यांनी दूर राहावयाचे असते. निसर्गावर मात करण्याऐवजी निसर्गाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणारे तंत्रज्ञान कसे असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

अर्थकारण व धोरण

१९७० च्या दशकात उत्तर समुद्रात खनिज तेलाचे उत्पादन सुरू झाल्यावर शेटलंडमधील समबरो विमानतळाचा मोठा विस्तार झाला. परंतु तेलाचा पैसा सर्व बेटांपर्यंत पोहोचला नाही. नव्वद लोकांच्या बेटावरील विमानसेवा तिकिटांच्या उत्पन्नावर कधीच चालू शकत नाही, हे वास्तव कायम राहिले. या प्रश्नावर तेथे तीन मार्गांनी उपाय योजण्यात आले. पहिला उपाय विमानतळांविषयीचा. १९८६ मध्ये 'हायलँड्स अँड आयलंड्स एअरपोर्ट्स' ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. १९९५ पासून ती स्कॉटलंडच्या शासनव्यवस्थेकडे आली असून अकरा विमानतळांचा कारभार पाहते. दुसरा उपाय 'लोकसेवा-बंधन' या नावाने ओळखला जातो. तोट्यातील मार्गावर किमान फेऱ्या व कमाल भाडे ठरवून निविदा मागवल्या जातात आणि तोट्याची भरपाई सार्वजनिक निधीतून होते. तिसरा उपाय प्रवाशांसाठी आहे. २००६ पासून बेटांवरील रहिवाशांना ठरावीक मार्गांच्या भाड्यात सवलत मिळते.

या व्यवस्थेत वाद नाहीत असे नव्हे. अनेक बेटांच्या विमानतळांवरील हवाई नियंत्रणाचे काम इन्व्हर्नेस येथील एकाच केंद्रातून दूरस्थ पद्धतीने करण्याची योजना २०१८ मध्ये पुढे आली, तेव्हा तिला तीव्र विरोध झाला. बेटावरून दहा-पंधरा कुशल नोकऱ्या गेल्या, तर तेवढी कुटुंबे जातात, शाळेतील मुले कमी होतात, असा आक्षेप घेण्यात आला. २०२१ मध्ये नियंत्रकांनी संपही केला आणि योजनेचा फेरविचार करावा लागला. कार्यक्षमतेचा हिशेब आणि वस्ती टिकवण्याचा हिशेब हे दोन वेगळे हिशेब आहेत, ही गोष्ट या वादातून स्पष्ट झाली.

अलीकडच्या काळात कमी अंतराचे हेच मार्ग नव्या तंत्रज्ञानाच्या प्रयोगांसाठी सोयीचे ठरले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये वीज व इंधन या दोहोंवर चालणाऱ्या एका विमानाने कर्कवॉल ते विक असे चाचणी-उड्डाण केले, तर २०२३ मध्ये ऑर्कनीतील काही बेटांवर ड्रोनद्वारे टपाल पोहोचवण्यास प्रारंभ झाला. १९३४ प्रमाणेच यावेळीही नव्या साधनाची परीक्षा टपालाच्या थैलीने घेतली, हे लक्षणीय आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) या द्वीपप्रदेशात विमानसेवा टिकली ती केवळ प्रवासी भाड्यावर नव्हे, टपाल, वर्तमानपत्रे, रुग्णवाहतूक आणि शासकीय साहाय्य यांच्या एकत्रित आधारावर ती उभी राहिली.

२) खाजगी उपक्रमशीलतेने मार्ग शोधले, सार्वजनिक निधीने ते टिकवले. दोहोंपैकी एकाचाच अवलंब केला गेला तेव्हा सेवा खंडित झाली : सोर्ड यांची खाजगी कंपनी दीड-दोन वर्षांत बंद पडली, तर महामंडळाच्या काळात लहान बेटे वगळली गेली.

३) दुर्गम भागासाठी तंत्रज्ञानाची निवड करताना वेगापेक्षा साधेपणा, आकारापेक्षा अनुकूलता महत्त्वाची ठरते.

४) विमानसेवेचे मोल तिकिटांच्या उत्पन्नात मोजणे अपुरे आहे. वाचलेले प्राण, चालू राहिलेल्या शाळा आणि ओस न पडलेली बेटे यांचाही त्या हिशेबात समावेश व्हावयास हवा.

भारतातही हा प्रश्न अपरिचित नाही. लक्षद्वीपमधील अगत्ती येथे १९८८ मध्ये धावपट्टी सुरू झाली. तेथील अन्य बेटांवरील गंभीर रुग्णांना आजही हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते. 'उडान' योजनेखाली २०१७ पासून लहान शहरांच्या विमानसेवेस तूट-भरपाई दिली जाऊ लागली, तेव्हा मुदत संपल्यावर या मार्गांचे काय, ही चर्चाही सुरू झाली. स्कॉटलंडच्या बेटांचा अनुभव असे सांगतो, की काही मार्ग कधीच स्वावलंबी होत नाहीत, आणि तसे ते व्हावेत अशी अपेक्षाही धरू नये. रस्त्यावरच्या पुलाकडून कोणी नफ्याची अपेक्षा करीत नाही. बेटांच्या बाबतीत विमान हाच पूल असतो.